दगड वाचण्याआधी फोटो वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सातपुड्याच्या पायथ्याच्या तुमच्या गावात जुन्या मशिदीच्या कमानीवर तीन ओळींचा फारसी-अरबी लेख आहे. दोन वर्षांपूर्वी त्यावर हिरवा ऑइलपेंट चढला. शाळेच्या कार्यक्रमासाठी जुने कागद शोधताना एका वाड्यात त्याच लेखाचा फ्रेम केलेला फोटो सापडला. त्यात जमीन, म्हणजे अक्षरांमागची दगडाची पाटी, काळी आणि अक्षरं पांढरीशुभ्र आहेत. गावातले एक बुजुर्ग म्हणतात, हा इंग्रजांनी १८६० च्या सुमारास काढला. दुसरे म्हणतात, फोटोतला दगड निराळा दिसतो, म्हणजे मूळ दगड कुणीतरी बदलला. तुम्ही विचारता, फोटो किती जुना, त्यावरून लेख वाचता येईल का, आणि विश्वास फोटोवर ठेवायचा की दगडावर.

लेख वाचता येईल असं मला वाटतं. पण फोटोतला लेख वाचायच्या आधी तो फोटो कसा काढला गेला ते वाचावं लागेल. उन्हाची दिशा, कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटची जात, अक्षरांना कुणी काय फासलं होतं, हे कळल्याशिवाय अक्षराला हात घालू नये. दगडांचे ठसे आणि फोटो काढण्यात माझी तीसेक वर्षं गेली, ती बहुतेक वऱ्हाडातच, आणि माझ्या मोठ्या चुका याच ठिकाणी झाल्या.

आधी फोटोचं वय. तुम्ही मोबाइलवर पाठवलेल्या प्रतीत उजव्या कडेला जे वाकडं चमकणारं दिसतं ते सायकलचं हँडल आहे. आताच्या घडणीची सायकल विलायतेतच १८८५ च्या सुमारास आली, त्यामुळे १८६० चा प्रश्न तिथेच मिटतो. दुसरी खूण कागदाची. कडांना आरशासारखी निळसर झाक आली आहे. ती जिलेटिनच्या कागदावर चांदी वर आल्याने येते. १८६०-७० चा फोटो बहुधा अल्ब्युमेनचा असतो. अंड्यातला पांढरा भाग लावलेला तो पातळ कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो, पिवळा पडतो, आणि भिंग धरलं की कागदाचे तंतू दिसतात. तुमच्या फोटोत तंतू दिसत नाहीत. माझ्या अंदाजाने तो १९२० ते १९५० च्या दरम्यान तालुक्याच्या एखाद्या स्टुडिओवाल्याने काढला असावा. त्याने त्याचं मोल कमी होत नाही, कारण ऑइलपेंटच्या आधीचा तो एकमेव पुरावा तुमच्या हातात आहे.

बुजुर्गांचं म्हणणं मात्र हवेतलं नाही. त्या काळात आपल्या भागात कॅमेरा फिरत होता. अजिंठ्याची चित्रं उतरवून घेण्यासाठी १८४४ मध्ये नेमलेले मेजर रॉबर्ट गिल पुढे फोटोग्राफीकडे वळले. १८६० च्या दशकात त्यांनी अजिंठा-वेरूळबरोबर आपल्या लोणारच्या देवळांचेही फोटो घेतले. त्यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या अजिंठ्याच्या बऱ्याचशा नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. १८७९ मध्ये ते गेले, कबर भुसावळला आहे. दख्खनमधल्या मुसलमानी वास्तूंचं पद्धतशीर छायाचित्रण त्याही आधी, १८५५ मध्ये, विजापूरला सुरू झालं. मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज यांना त्या कामावर नेमलं होतं, पुढे डॉ. पिगू यांनी ते हाती घेतलं. तिथल्या इब्राहिम रोझ्याच्या, म्हणजे आदिलशाही मकबऱ्याच्या, भिंती तर अक्षरांनीच भरलेल्या आहेत. पण त्या फोटोंमध्ये इमारत उत्तम दिसते आणि लेख वाचता येईलच असं नाही. त्याचं कारण समजून घ्या, तेच तुमच्या फोटोला लागू पडणार आहे.

बिग्ज यांच्या निगेटिव्ह कागदाच्या होत्या. कागदाचे तंतू छापात उतरतात, त्यामुळे नुक्त्यासारखी, म्हणजे अक्षराच्या वर-खाली द्यायच्या ठिपक्यासारखी, बारीक खूण विरघळून जाते. १८५१ मध्ये इंग्लंडच्या आर्चर यांनी कलोडियन या चिकट द्रवाची ओली काचेची प्लेट आणली आणि तपशील एकदम सुईसारखा उतरू लागला. पण तिचा जाच मोठा होता. काचेवर कलोडियन ओतायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. थंड हवेत दहा-पंधरा मिनिटं हाताशी असतात. आपल्या एप्रिलच्या उन्हात किती उरत असतील, विचार करा. बैलगाडीभर काच, औषधं, तंबू आणि पाणी घेऊन आलेला माणूस उन्हाची योग्य तिरीप येईपर्यंत एका दगडासमोर दिवसभर बसत नसे. इमारत घेई आणि पुढे निघे.

जिद्दीची माणसंही होती. १८५८ मध्ये लिनियस ट्राइप या इंग्रज फोटोग्राफरांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्याचा तमिळ लेख २१ निगेटिव्हमध्ये टिपला आणि जोडून जवळजवळ सहा मीटरची एकच पट्टी केली. लांब पट्टी दूरून एका चौकटीत घेतली तर अक्षरं मुंगीएवढी होतात, हे त्यांनी ओळखलं होतं. नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजावरचा लेख कुणी मोबाइलच्या एका फोटोत मावतो म्हणून पाठवला की मला ट्राइप आठवतात. तुकडे करा, प्रत्येक तुकडा दगडासमोर सरळ उभं राहून घ्या, कडा एकमेकांवर येऊ द्या.

लेख वाचण्यासाठी लोकांचा भरवसा बराच काळ कॅमेऱ्यापेक्षा हातावर होता. १८४७ मध्ये दिल्लीच्या वास्तूंवरचा ग्रंथ काढणारे सय्यद अहमद खान कुतुबमिनारच्या उंचावरच्या ओळी उतरवून घ्यायला छिंक्यात, म्हणजे टांगलेल्या टोपलीत, बसून लोंबकळले होते. पुढे शाईच्या ठशाचा मार्ग रुळला. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा आणि शाईची पुरचुंडी वरून हलक्या हाताने टेकवत जायची. १९०७-०८ पासून सरकारतर्फे मुसलमानी लेखांचं स्वतंत्र नियतकालिक निघू लागलं, पुढे गुलाम याझदानी यांनी ते अनेक वर्षं सांभाळलं. त्यातल्या पुष्कळशा चित्रपट्ट्या दगडाच्या नाहीत, ठशाच्या फोटोच्या आहेत. फरक ओळखणं सोपं आहे. आपल्या देवनागरी शिलालेखात अक्षर खोदलेलं असतं, म्हणून ठशात काळ्यावर पांढरं उमटतं. अरबी-फारसी लेखात बहुधा जमीन खोदून अक्षर उठावाचं ठेवलेलं असतं, म्हणून ठशात पांढऱ्यावर काळं येतं. शिवाय ठशाला सावली नसते. कागदाची सुरकुती दिसते, एखादा फाटका कोपरा दिसतो.

तुमच्या फोटोत अक्षरं पांढरी आहेत आणि प्रत्येक अक्षराच्या खाली काळी सावलीची कड आहे. म्हणजे हा ठसा नव्हे, दगडाचाच फोटो आहे आणि लेख उठावाचा आहे. पण अक्षराचा माथा जरा जास्तच एकसारखा पांढरा आहे, दगडाचा कण कुठे दिसत नाही. फोटो काढण्याआधी कुणीतरी अक्षरांवरून चुना किंवा खडू फिरवला होता. त्या काळात हे सर्रास चालायचं. आपला काळा पाषाण उन्हातही फिका उजेड परत देतो, अक्षर आणि जमीन एकाच रंगाची, मग फोटोवाला करणार काय?

आता जमीन इतकी काळी का? जुन्या प्लेटचे डोळे आपल्यासारखे नव्हते. ओल्या प्लेटला फक्त निळा-जांभळा उजेड दिसे. नंतरच्या प्लेटांना पिवळा-हिरवा दिसू लागला, तरी १९२०-३० पर्यंत सर्वसाधारण वापरातल्या प्लेटा-फिल्मा लाल रंगाला आंधळ्याच होत्या. गेरू फासलेली भिंत त्यात डांबरासारखी काळी येते. तुमच्या लेखाच्या जमिनीला कधीकाळी गेरू लावलेला असू शकतो. लेखाच्या कडेला पेंट उडालेल्या जागी भिंग लावून पाहा, पापुद्र्यात तांबडी रेघ दिसली तर हा तर्क पक्का. दगड बदलला ही शंकाही इथूनच आली असणार. तेव्हा काळी-पांढरी पाटी आणि आज सपाट हिरवी, माणसाला दोन दगड वाटणारच. त्याचं उत्तर फोटोतच आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यात पिंपळपानाच्या आकाराचा टवका उडालेला दिसतो. तो आजच्या दगडावर त्याच जागी हाताला लागतो का, एवढं चाचपून बघा. लागला तर दगड तोच.

आणखी एक तपासणी करून टाका. काचेची प्लेट उलटी ठेवून छापली तर चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. इमारतीच्या फोटोत ते कळत नाही, लेखाचं मात्र वाटोळं होतं. टवका फोटोत आणि दगडावर एकाच बाजूला असला म्हणजे तीही काळजी मिटली.

आता अक्षरांकडे. तुम्ही लिहिलं आहे की तिसऱ्या ओळीत सनाचा शब्द दिसतो आणि जाणकारांपैकी एकाने तो ‘तिसईन’ म्हणजे नव्वद असा वाचला. इथे थांबा. अरबीत सत्तरला ‘सबईन’ आणि नव्वदला ‘तिसईन’. नुक्ते काढून टाकले तर दोन्ही शब्दांचा सांगाडा एकच राहतो. आधी चार शोशे, म्हणजे करवतीसारखे चार दात, मग ऐन, ये आणि नून ही अक्षरं. तिसईनमध्ये पहिला दात ‘ते’चा, त्याच्या डोक्यावर दोन नुक्ते, आणि पुढचे तीन दात ‘सीन’चे. सबईनमध्ये पहिले तीन दात सीनचे आणि चौथा ‘बे’चा, त्याच्या खाली एक नुक्ता. वीस वर्षांचा फरक तीन ठिपक्यांवर लटकलेला असतो. आणि जुने कोरणारे नुक्ते द्यायला फार उत्सुक नसत, जागा असेल तिथे देत, नसेल तिथे सोडून देत.

याच शब्दाने मला एकदा फसवलं आहे. दर्यापूरकडच्या एका दर्ग्याचा लेख मी एका जुन्या, खडू भरलेल्या फोटोवरून वाचला. पहिल्या दातावर दोन पांढरे ठिपके स्वच्छ दिसत होते. मी नव्वद सांगितलं. गावकऱ्यांनी उरुसाच्या आधी दारावर तेच वर्ष रंगवून पाटी लावली. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात मुक्काम पडला. दार दक्षिणेला, सूर्य नुकताच वर आलेला, ऊन भिंतीला घासून जात होतं. त्या उजेडात प्रत्येक अक्षराला उजवीकडून पश्चिमेकडे लांब सावली होती आणि माझ्या दोन ठिपक्यांना सावलीच नव्हती. नख लावून पाहिलं तर ते दगडाच्या पातळीतच होते. आपल्या काळ्या पाषाणात पांढऱ्या गारेचे दाणे असतात ना, पोकळ्यांमध्ये भरलेले झिओलाइटचे, तेच ते. ज्याने खडू फिरवला त्याने त्यांना नुक्ते समजून आणखी ठळक केलं होतं. खरा नुक्ता चौथ्या दाताखाली चुन्यात बुजलेला होता, आणि कोरलेला नुक्ता असतो तसा बोरूच्या टोकाचा, शंकरपाळ्यासारखा तिरपा चौकोन होता. सन वीस वर्षांनी मागे गेला. दर्ग्याची देखभाल करणाऱ्या मुजावरांना सांगताना मला फार जड गेलं. ते एवढंच म्हणाले, “मंग पाटी बदलू न भाऊ, दगड तं खोटा नाही बोलला.”

तुमच्या फोटोतही मला वरच्या बाजूला चार-पाच ठिपके दिसतात, पण गोल आहेत आणि एकाच्याही खाली सावलीची कड नाही. त्यामुळे त्यांना नुक्ते मानायला मी तयार नाही. वाचन अडलं की राजाचं नाव मदतीला येतं. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा घ्या. तो बहमनी सुलतान शिहाबुद्दीन महमूदशहाच्या काळात, हिजरी ८९२ मध्ये, फतहुल्ला इमादुल्मुल्काने बांधवला. हिजरी ८९२ म्हणजे इ.स. १४८६-८७. समजा तिथे सत्तर की नव्वद अशी शंका आली असती, तर ८७२ म्हणजे १४६७-६८, आणि महमूदशहा गादीवर आला १४८२ मध्ये. प्रश्न तिथेच सुटला असता. तुमच्या दुसऱ्या ओळीत एखाद्या सुलतानाचं किंवा सुभेदाराचं नाव असेल तर आधी ते उलगडा, सन आपोआप जागेवर बसेल. हिजरीबरोबर आपल्याकडे फसली आणि शुहूर या वेगळ्या कालगणनांचे सनही चालत, म्हणून सनाआधीचा शब्द सोडू नका.

आता दगडाकडे जा, पण पेंट काढायला नको. थिनर, तारेचा ब्रश, ॲसिड, पॉलिश पेपर यातलं काहीही लावू नका, कुणाला लावू देऊ नका. मशीद संरक्षित यादीत असेल तर परवानगीशिवाय हात लावणं बेकायदाच आहे, आणि यादीत नसली तरी उठावाच्या अक्षराची कड एकदा गेली की गेली. मशिदीच्या जमातीच्या लोकांशी आधी बोला, नमाजाच्या वेळा सोडून जा, त्यांच्यातलाच एखादा तरुण बरोबर घ्या. पेंट श्रद्धेने लावलेला असतो, ते मनात ठेवून बोललात तर कुणी अडवत नाही, हा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, पश्चिमेला, म्हणून मशिदीची दर्शनी बाजू पूर्वेला. सकाळी ऊन लेखावर समोरून येतं आणि सगळं सपाट करतं. बहुतेक लोक नेमके तेव्हाच फोटो काढतात. ऊन वरून भिंतीला घासून उतरतं ते सूर्य माथ्यावर यायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास, आपल्या घड्याळात साधारण साडेअकरा ते सव्वाबारा. तुमच्या जुन्या फोटोत सावल्या अक्षराच्या थेट खाली आहेत, म्हणजे त्या स्टुडिओवाल्याने बरोबर हीच वेळ साधली होती. माणूस जाणता होता. मेच्या शेवटच्या आठवड्यात, शून्य सावलीच्या दिवसांच्या आसपास, हा उजेड सर्वांत धारदार असतो.

मात्र ऑइलपेंट उन्हात चकाकतो, म्हणून तुमच्या बाबतीत रात्र जास्त उपयोगी. मोबाइल तिपाईवर पक्का बांधा, दिवे मालवा आणि एका साथीदाराला टॉर्च घेऊन बाजूला उभं करा. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटून, आधी उजवीकडून, मग वरून, मग डावीकडून, मग खालून. प्रत्येक वेळी एक फोटो, मोबाइल तसूभरही न हलवता. टॉर्चचं अंतर दर वेळी सारखं राहावं म्हणून दोरी वापरा. लेखाच्या कर्णाच्या तिप्पट-चौपट लांबीची दोरी घ्या, एक टोक लेखाच्या मध्यासमोर धरा, दुसरं टॉर्चला. दगडाला टेकवू नका. लेखाशेजारी एक काळी चकचकीत गोटी चिकणमातीच्या गोळ्यावर बसवून चौकटीत येऊ द्या. प्रत्येक फोटोत तिच्यावर टॉर्चचा चमचमता ठिपका पडतो आणि उजेड कुठून आला ते नेमकं कळतं. असे चाळीस-पन्नास फोटो मिळाले तर संगणकावर एकत्र करून उजेड हवा तसा फिरवता येतो. २००१ मध्ये टॉम माल्झबेंडर यांनी मांडलेल्या पद्धतीवर हे काम चालतं. खर्च गोटी, दोरी आणि एका रात्रीचा.

पेंट नसलेल्या दगडासाठी एक गावठी युक्ती आहे, तीही नोंदवून ठेवतो. “पानी मारून पाहा न भाऊ, अक्षरं दिसतेत,” हे मला वऱ्हाडात वीस ठिकाणी तरी ऐकायला मिळालं आहे आणि त्यात तथ्य आहे. साधं पाणी शिंपडलं की पाषाण सगळाच काळा होतो. पण सुकताना उठावाची अक्षरं आधी सुकतात आणि खोलगट जमीन ओली राहते. मधली दोन-तीन मिनिटं अक्षरं करडी आणि जमीन काळीभोर दिसते. कॅमेरा तेव्हा तयार पाहिजे. भेगाळलेल्या किंवा पापुद्रे सुटणाऱ्या दगडावर मात्र थेंबही टाकू नका.

जुन्या फोटोची प्रतही नीट करा. फ्रेममधून ओढून काढू नका. काचेला चिकटला असेल तर जिलेटिन काचेवरच राहील. काचेसकटच, ढगाळ दिवशी दारात ठेवून, मागे काळं कापड धरून फोटो घ्या. लॅमिनेशन तर कधीच नाही. मागच्या पुठ्ठ्यावर शिक्का, पेन्सिलीचा आकडा, गावाचं नाव काहीही असेल तर त्याचाही फोटो हवा.

दोन्ही हाती आले की शेजारी ठेवा. पेंटचे थर आधी नुक्ते बुजवतात, पण दात आणि वेलांट्या त्यातूनही फुगून वर दिसतात. जुन्या फोटोत नुक्ते शाबूत असतात, पण खडूने दातांची टोकं एकमेकांत मिसळलेली असतात. म्हणून दातांची मोजणी दगडावरून करा आणि नुक्त्यांची फोटोवरून, सावली असलेलेच धरून. जिथे दोघांचं पटत नाही तिथे पेन्सिलने गोल करा आणि अंदाज लिहू नका.

गावाचं नाव जुन्या नोंदींत आहे का, तेही बघा. हेन्री कझेन्स यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या पुराण्या अवशेषांची यादी १८९७ मध्ये छापली, ती जिल्हावार आहे. आणि तुम्ही विदर्भात आहात, हे तर नशीबच म्हणायचं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी लेखांची शाखा नागपुरातच आहे, देशभरातल्या या लेखांचं काम तिथे चालतं. दोन्ही फोटो, दगडाची लांबी-रुंदी आणि दार कोणत्या दिशेला आहे एवढं लिहून तिथे पाठवा. तुमच्या लेखाचा ठसा पूर्वी घेतलेला असला तर चुन्या-पेंटाखालचं निम्मं कोडं तिथेच सुटेल.

मला पाठवणार असाल तर सगळा दगड एकदम नको. तिसऱ्या ओळीतला तो चार दातांचा शब्द तेवढा, चारही बाजूंच्या टॉर्चमध्ये, वीतभर अंतरावरून घेतलेला पाठवा. चौथ्या दाताखालचा पेंट किंचित फुगलेला आहे का, ते मला बघायचं आहे.